दोन श्वासांची रेघ

माझ्या मुलीची दुपारची झोप माझ्या नणंदेने एका वहीत उतरवून ठेवली होती. एका रविवारी चहा पिता पिता त्यांनी ती वही माझ्यासमोर सरकवली. पानावर वर तारीख, कडेला झोपल्याची आणि उठल्याची वेळ, आणि मध्ये पेन्सिलीच्या उभ्या रेघा. कुठे सहा, कुठे नऊ, एका पानावर चौदा.

"गोटीचा श्वास अडकतो झोपेत," नणंदबाई म्हणाल्या. "मी पाठीवर हात ठेवून बसते. दोन श्वास हुकले की एक रेघ. एखादा कुणाचाही हुकतो, तो मी धरत नाही."

मी वही चाळली आणि परत दिली. हसले नाही, कारण त्या माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आणि माझी मुलगी शाळा सुटल्यावर त्यांच्याच पाळणाघरात असते. पण मनात म्हटलं, घ्या, आता पेन्सिलीने निदान व्हायला लागलं.

माझं हसू समजायला माझं काम समजायला हवं. मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सोळा वर्षं. संध्याकाळी पेशंट येतो, मी त्याच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, छातीला, पायांना बावीस वायरी चिकटवते, नाकाखाली नळी लावते, छातीवर आणि पोटावर पट्टे बांधते आणि शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसून सकाळपर्यंत त्याची झोप वाचते. झोपेत गळा मिटून श्वास थांबतो, माणूस धडपडून तो परत घेतो, पुन्हा थांबतो, हे रात्रभर चालणारं दुखणं म्हणजे स्लीप ॲप्निया. मोठ्यांना होतं तसं लहान मुलांनाही होतं. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असते, मूल घोरतं, आणि आजी म्हणते, किती गाढ झोपलंय बघा.

अशा प्रत्येक घोरणाऱ्या मुलाचा निकाल आमच्या बावीस वायरींनी लागायचा. मुलांसाठी नऊ महिन्यांची रांग होती. रांग लांब आहे म्हणून लोक कुरकुर करायचे. मला त्यात दुःख वाटावं असं काही दिसत नसे. दुकान चांगलं असलं की रांग लागते.

आणि रांगेत उभे राहणारे तरी कसले. प्रत्येक आई मोबाईल पुढे करून येणार. अंधारात काढलेला व्हिडिओ, त्यात एक उशी, एक कान आणि मागे टीव्हीचा आवाज. "बघा ना, इथे थांबतो बघा." मी म्हणायची, ठेवा, बघते, आणि कधीच बघायची नाही. वडील आणखी पुढचे. ते इंटरनेटवरून शिकून आलेले असायचे आणि मलाच वायर कुठे लावायची ते सांगायचे. उंटावरचे शहाणे नुसते.

मग गेल्या वर्षी एक नवं खूळ निघालं. मुलांचे काही डॉक्टर बोलू लागले की प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला लॅबमध्ये झोपवायची गरज नाही. आईबापांना सहा प्रश्न विचारा, घरी एक रात्र बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावा, एखादा बरा व्हिडिओ बघा, घशात टॉर्च मारा. एवढ्यावरून पुष्कळ मुलांचं ठरवता येतं, आणि लॅब ठेवा अडलेल्यांसाठी. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. आमच्या विभागप्रमुखांना हे ऐकून ताप चढला. त्यांना आम्ही पाठीमागे 'व्यासपीठ' म्हणतो, कारण ते विभागात कमी आणि व्यासपीठावर जास्त असतात. लॅब म्हणजे त्यांचं राज्य. त्यांनी फर्मान काढलं की आता येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईबापांकडून ते सहा प्रश्न भरून घ्यायचे, आधी एक रात्र घरी क्लिप लावायची आणि मग लॅबच्या रिपोर्टशी ताडून बघायचं. वर्षाअखेरीच्या परिषदेत या सोप्या उपायांचा फज्जा उडवायचा होता. व्यासपीठ आणि मी, आमचं एरवी कशावरच जमत नाही. यावर मात्र जमलं.

अशा माणसाच्या समोर नणंदबाईंनी चौकटीची वही ठेवली होती.

त्यांचं शिक्षण बारावी. पाळणाघरात पंधरा मुलं, एक मोठी खोली, एक पडदा, पंधरा गाद्या. दुपारी जेवणं झाली की सगळ्यांना झोपवायचं आणि मध्ये बसून स्वेटर विणायचा. वीस वर्षं त्यांनी लोकांची मुलं झोपवली. मीही लोकांची मुलं झोपवली, पण माझ्याकडे त्याचा कागद निघतो.

मी त्यांना समजावून सांगितलं. म्हणजे मला वाटलं, समजावलं. सांगितलं की ताई, घोरणं हे आमच्या घराण्यात आहे, तुमचा भाऊ घोरायला लागला की शेजारचे भिंत वाजवतात. लेक बापावर गेलीय. शिवाय झोपेत श्वास थोडा मागेपुढे होतोच. नवरा तिथेच बसला होता. त्याला आपल्या घोरण्याचा उल्लेख झाला की उगीच कौतुक झाल्यासारखं वाटतं. तो म्हणाला, बघ, आमचं रक्त आहे.

"गळा मागे टाकून झोपते ती," नणंदबाई म्हणाल्या. "घामाने उशी भिजते. सात वर्षांची झाली, अजून अंथरूण ओलं करते. आणि उठते तेव्हा झोपल्यासारखी दिसत नाही. हाताच्या काकणाला आरसा कशाला लागतो, वहिनी?"

हे सगळं खरं होतं, आणि मी ते पाहिलं नव्हतं. कबूल करायला लाज वाटते, पण सांगते. आठवड्यातून पाच रात्री मी लॅबमध्ये. सकाळी घरी येते तेव्हा गोटी शाळेत निघालेली असते. सुट्टीच्या दोन रात्री मी अशी झोपते की छप्पर पडलं तरी कळायचं नाही. लोकांच्या मुलांची झोप मी सेकंदासेकंदाने वाचली, स्वतःच्या मुलीला रात्री झोपलेली मी वर्षातून किती वेळा पाहिली असेन? दिव्याखाली अंधार. पण त्या रविवारी मला हे सुचलं नाही. मला सुचलं ते एवढंच की आपल्या कामात या बाईने नाक खुपसलंय.

शाळेतूनही चिठ्ठ्या येत होत्या. लक्ष नाही. वर्गात पेंगते. शुद्धलेखन अर्ध्यावर सोडते. मधल्या सुट्टीत एका मुलीला चावली. बाईंनी शेवटी लिहिलं होतं, 'घरी शिस्तीकडे लक्ष द्यावे'. मला ते वाक्य झोंबलं होतं. म्हणून ठरवलं की एकदा सोक्षमोक्ष लावून टाकायचा. नणंदबाईंचं तोंड बंद होईल आणि बाईंचंही.

पुढच्याच आठवड्यात एका मुलाने रद्द केलेली रात्र मी गोटीला दिली. नऊ महिन्यांची रांग ओलांडून, हो. आपला तो बाब्या. तिला लॅब आवडली, वायरी लावताना ती हसत होती, तिला वाटलं आई आपल्याला रोबो बनवतेय. तिचे टॉन्सिल मी कधी टॉर्च मारून पाहिले नव्हते, त्या रात्रीही पाहिले नाहीत. ते डॉक्टरांचं काम, आणि मला वायरी असताना टॉर्चची काय पडली होती?

त्या रात्री दुसऱ्या खोलीत एक अगडबंब गृहस्थ होते. त्यांचा श्वास पन्नास पन्नास सेकंद थांबत होता. पडद्यावर त्यांची रेघ सपाट व्हायची आणि मी खुर्चीच्या टोकावर यायची. शेजारच्या पडद्यावर माझ्या मुलीची रेघ पाच सेकंद, सहा सेकंद सपाट होऊन पुन्हा उठायची. पन्नासच्या शेजारी सहाचं काय कौतुक? माईकमधून तिच्या घोरण्याचा आवाज येत होता, तो मी कमी केला, कारण मला त्या गृहस्थांचं ऐकायचं होतं.

सकाळी मशीनने रिपोर्ट काढला. श्वास थांबण्याचं प्रमाण, तासाला शून्य पूर्णांक चार. निष्कर्ष, सामान्य. मी नजर फिरवली आणि खाली सही केली.

त्याची एक प्रत मी मुद्दाम नणंदबाईंना नेऊन दिली. फोनवर सांगता आलं असतं, पण मला त्यांचा चेहरा बघायचा होता. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली.

"मग मला रोज दिसतं ते काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ताई, तुमचं पाळणाघर आहे, दवाखाना नाही. दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं."

त्यांनी वही उचलून खणात ठेवली आणि एका मुलाचं नाक पुसायला गेल्या. मला वाटलं, जिंकले.

आता आजार नाही म्हटल्यावर उरलं काय? आळस. माझा तर्क सरळ होता, आणि सरळ तर्काची माणसं किती नुकसान करतात हे मला आता माहीत आहे. मी शिस्त लावायला घेतली. पहाटे साडेपाचला उठायचं, डोळ्यांवर गार पाणी मारायचं, पाढे म्हणायचे. ज्या दिवशी मी घरी नसे त्या दिवशी हे काम नवऱ्याकडे. तो दोन दिवस करायचा आणि तिसऱ्या दिवशी दोघेही झोपलेले सापडायचे. त्यालाही मी बोलून घेतलं. आणि दुपारची झोप पूर्ण बंद. दुपारी झोपते म्हणून रात्री नीट झोपत नाही, म्हणून दिवसा पेंगते, असं मी नणंदबाईंना सुनावलं आणि गोटीलाही समोर बसवून सांगितलं. सात वर्षांच्या घोड्या दुपारी झोपत नसतात. आळशी मुली झोपतात. झोपलीस असं मला कळलं तर बघ.

नणंदबाई एकदाच म्हणाल्या की तिला झोप पुरत नाहीये आणि तू आहे तीही काढून घेतेस. मी रिपोर्टचा आकडा पुन्हा ऐकवला. शून्य पूर्णांक चार. आकडा असला की किती बरं असतं, माणसाला विचार करावा लागत नाही.

सहा आठवडे गेले. गोटी वाळली. डोळ्यांखाली काळं आलं, चिडचिड वाढली, चाचणी परीक्षेत ती गणिताच्या पेपरवर डोकं ठेवून झोपली आणि तिच्या लाळेने निम्मी गणितं पुसली गेली. बाईंनी तो पेपर तसाच घरी पाठवला. मी तो तिच्यासमोर धरून विचारलं, लाज नाही वाटत? ती म्हणाली, वाटते. एवढंच म्हणाली. मला ते उलट उत्तर वाटलं.

त्याच सुमाराला व्यासपीठाला परिषदेसाठी तक्ता हवा होता. वर्षभरात लॅबमध्ये झोपलेली चौतीस मुलं, तारखेच्या क्रमाने. प्रत्येकापुढे तीन रकाने, आईबापांच्या सहा प्रश्नांवरून काय वाटतं, घरच्या क्लिपवरून काय वाटतं आणि लॅब काय म्हणते. हे काम मला मिळालं, आणि मी ते एका सकाळी मोठ्या आनंदाने घेऊन बसले. दिवसाउजेडी लॅब मला नेहमी उघडीबोडकी वाटते. रिकामे पलंग, लोंबणाऱ्या वायरी, आणि डिंकाचा वास. पण त्या दिवशी मी शीळ घालत होते.

पहिल्या पंधरा मुलांमध्ये मजा आली नाही. प्रश्न आणि क्लिप जे म्हणत होते, तेच तेरा मुलांमध्ये लॅबही म्हणत होती. मी जरा खट्टू झाले. पुढच्या एकोणिसांनी मात्र मन भरून दिलं. आईबाप म्हणतात आजार, क्लिप म्हणते आजार, लॅब म्हणते सामान्य. पुन्हा तेच. पुन्हा तेच. एकोणिसांपैकी सतरा मुलं लॅबने सामान्य ठरवली होती. म्हटलं बघा, ही यांची सोपी परीक्षा. मी तो रकाना लाल रंगवायला घेतला.

लाल रंग एका जागी सुरू होत होता. वर जवळजवळ सगळं पांढरं, खाली जवळजवळ सगळं लाल, आणि मध्ये एक सोमवार.

मी लोकांना मूर्ख समजते, ते मी लपवलेलं नाही. पण लोक तारीख बघून मूर्ख होत नाहीत. एका सोमवारपर्यंत आईबापांना आपलं मूल नीट दिसत होतं, आणि त्या सोमवारपासून सगळे एकदम आंधळे झाले? आणि त्यांच्याबरोबर ती क्लिपही? क्लिपला तर काही मत नसतं. मी रंगवणं थांबवलं आणि लॅबची नोंदवही काढली. त्या सोमवारी कंपनीचा माणूस येऊन नवा प्रोग्राम टाकून गेला होता. मिळाल्याची सही माझीच.

त्या सोमवारच्या आधी मी प्रत्येक मुलाची रात्र हाताने वाचत असे. नवा प्रोग्राम स्वतःच वाचतो, स्वतःच मोजतो, मी नुसती नजर फिरवते. प्रोग्राममध्ये एक पान आहे, ते मी सात महिन्यांत एकदाही उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. वर एक खूण होती, 'प्रौढ'. खाली लिहिलं होतं, दहा सेकंदांपेक्षा कमी थांबलेला श्वास मोजू नये.

मोठ्या माणसाला हा नियम ठीक आहे. लहान मुलांचा श्वास भरभर चालतो, पाच-सहा सेकंदांतच त्यांचे दोन श्वास बुडतात, आणि तेवढंही त्यांना पुष्कळ होतं. म्हणून मुलांचे सेकंद मोजायचे नसतात, श्वास मोजायचे असतात. दोन श्वास हुकले की एक घटना. आणि मोठ्यांना तासाला पाचपर्यंत चालतं, मुलांना एकाच्या पुढे गेलं की आजार. हे मला पाठ आहे. नव्याने आलेल्यांना पहिल्या दिवशी हे मीच शिकवते, आणि त्यांच्या ध्यानात राहिलं नाही तर मीच त्यांना फाडून खाते.

दोन श्वास. बारावी झालेली, स्वेटर विणणारी बाई पाठीवर हात ठेवून जे मोजत होती, ते बरोबर तेच होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने फक्त बघितलं होतं. आणि मी तिला सांगून आले होते की दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

मी गोटीची रात्र उघडली आणि हाताने वाचायला लागले. सहा सेकंद, दोन श्वास. सात सेकंद, तीन श्वास. छाती आणि पोट हवेसाठी उलटसुलट झगडतायत, नाकाशी हवा नाही, मागोमाग ऑक्सिजन खाली. मग धडपड, मग पुन्हा. पहिल्याच तासात अकरा. पूर्ण रात्रीचं तासाला नऊ निघालं. नऊ. मी त्या रात्री तिच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर बसले होते, आणि मी आवाज कमी केला होता. मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती. सोळा वर्षं ज्या आयांना मी मनातून हसले, त्यांच्यातल्या एकीनेही आपल्या मुलाचा आवाज कमी केला नव्हता.

तक्ता घेऊन मी व्यासपीठाकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की झालं ते झालं, खूण आजपासून बदला. परिषद तोंडावर आहे. ते सतरा तक्त्यातून वगळा, म्हणजे प्रश्नच मिटला. त्यांच्या आवाजात जराही घाई नव्हती. सतरा मुलं घरोघरी गुदमरून झोपत होती आणि या माणसाला तक्ता नीटनेटका करायचा होता. मला त्यांचा तिरस्कार वाटला आणि त्याच क्षणी हेही कळलं की आत्ता त्यांच्याकडे जशी बघतेय तशीच मी गेले दोन महिने नणंदबाईंना दिसत असणार.

मी म्हटलं, "सतरा नाहीत, अठरा आहेत. माझी मुलगी तक्त्यात नाही."

त्यांनी हलकेच आठवण करून दिली की त्या सगळ्या रिपोर्टांवर टेक्निशियन म्हणून सही माझी आहे. मी म्हटलं, शेजारी तुमचीही आहे, पण आईबापांना फोन मी करते. आणि खोलीतून बाहेर आले.

जेवणाच्या वेळेपर्यंत फोन करत होते. बैल गेला आणि झोपा केला. एका वडिलांनी आरडाओरडा केला, ते बरं वाटलं. एका आईने शांतपणे विचारलं की आम्ही व्हिडिओ दिला होता, तो तुम्ही पाहिलात का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, आम्हाला वाटलं होतंच, आणि पुढची तारीख लिहून घेतली. गोटीसाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. त्यांनी फोनवर विचारलं, घशात काय दिसतं? मला सांगता आलं नाही. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पाळणाघराकडे निघाले. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते. ताई, माझं चुकलं, हे तीनच शब्द, पण मला त्यांची सवय नाही.

खोलीत पडदा अर्धा ओढलेला होता. गाद्यांवर चौदा मुलं आडवीतिडवी झोपली होती, एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर. नणंदबाई दाराशीच उठून आल्या. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजून घेतलं. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर शोधूनही सापडला नाही. त्यांच्या जागी मी असते तर दिसला असता.

"गोटी कुठेय?" मी विचारलं. "तिला झोपू दे आता. मी चुकले."

"गादी मी रोज घालते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तीच पडत नाही. आईला चालत नाही म्हणते."

पंधरावी गादी खिडकीखाली रिकामी होती, चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती. तिच्या पलीकडे भिंतीला टेकलेल्या बुटक्या बाकावर गोटी ताठ बसली होती. मांडीवर पुस्तक उघडं. पाय जमिनीला पुरत नव्हते. मान मागे भिंतीला टेकलेली, तोंड उघडं, डोळे मिटलेले. ती घोरत होती.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. माझ्या हातात ना वायर होती, ना क्लिप. मी तिच्या छातीकडे पाहत राहिले. घोरणं थांबलं. छाती वर उचलली जात होती, पोट आत ओढलं जात होतं, पण नाकातोंडातून काहीच येत-जात नव्हतं. एक श्वास. दोन. तीन. तिचे ओठ जरा निळसर दिसत होते, की मला तसं वाटलं, मला माहीत नाही. पडद्यावर हे मी हजारदा पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर मी हे कधीच पाहिलं नव्हतं.

मग तिचं सगळं अंग हिसकलं, घशातून खरखर आवाज झाला आणि ती दचकून जागी झाली. समोर मी दिसले. तिने पटकन मान सरळ केली, हाताच्या मागच्या बाजूने तोंड पुसलं आणि घाईघाईने पुस्तकाचं पान उलटलं.

"मी झोपले नव्हते, आई," ती म्हणाली. "खरंच नव्हते. आत्याला विचार."